ल्यूबेकच्या चर्चमध्ये ऐकलेला लेहरा: बुक्स्टेहूड आणि बाख यांचं नातं काय?

मिरजेचा पेटीवाला

नमस्कार मंडळी. मी पेटीवाला. नाटकाची पदं, भजनं आणि आमच्याकडच्या तबलजींना सोलोसाठी लेहरा (पुन्हा पुन्हा फिरणारी तीच छोटी सुरावट) धरणं, यात चाळीस वर्षं गेली. पाश्चात्त्य संगीत शिकलेलो नाही, त्यामुळे शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात मुलाकडे हॅम्बुर्गला होतो. एका शनिवारी तो मला ल्यूबेकला घेऊन गेला. सेंट मेरीचं चर्च, सगळं विटांचं, आत शिरलं की मान मागे टाकून वर बघावं लागतं इतकं उंच. एका मनोऱ्याखाली १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घंटा जिथे पडल्या तिथेच, तशाच फुटक्या ठेवल्या आहेत. त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. मग ऑर्गनचा कार्यक्रम सुरू झाला. आधी बुक्स्टेहूड नावाच्या माणसाची पासाकाल्या, नंतर बाखची पासाकाल्या.

पहिलीच रचना सुरू झाली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो लेहरा होता! खाली खर्जात, पायांनी वाजवलेली एक छोटी सुरावट, तीच परत, तीच परत, आणि वर दोन्ही हातांनी चाललेला विस्तार. सवयीने बोटं मोजायला लागली. सात आवर्तनं झाली आणि सा बदलला. पुन्हा सात, पुन्हा बदल. असे चार वेळा सात, म्हणजे अठ्ठावीस. बाखची सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा नुसते पाय वाजले, वर काहीच नाही, आपण तबलजीला आधी लेहरा ऐकवतो ना, तसं. हा लेहरा पहिल्याच्या दुप्पट लांबीचा होता.

मला राहून राहून वाटतंय की ही दोन माणसं एकमेकांना ओळखत असणार. ती भेटली होती का? कोण कोणाकडे शिकलं? आणि दुसरं, यात शब्द नाहीत, गाणं नाही, मग हे पूजेचं संगीत की मैफलीचं? जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी

काका, भेटले होते. १७०५ च्या थंडीत बाख, हा जर्मन संगीतकार, आर्नश्टाट या गावाहून ल्यूबेकला बुक्स्टेहूडला ऐकायला गेला, तेही पायी, जवळपास चारशे किलोमीटर. वय वर्षं वीस. रजा चार आठवड्यांची घेतली होती आणि परतला चार महिन्यांनी.

त्याच्या दोन वर्षं आधी हँडेल हा संगीतकार आणि त्याचा मित्र माटेसोनही तिथे जाऊन आले होते. सेंट मेरीच्या चर्चमधली बुक्स्टेहूडची ऑर्गनवादकाची जागा रिकामी होणार होती, पण ती हवी तर त्याच्या मुलीशी लग्न करायचं अशी अट होती. दोघेही परत फिरले. बुक्स्टेहूडने स्वतः मात्र आपल्या आधीच्या ऑर्गनवादकाच्या, टुंडरच्या, मुलीशीच लग्न केलेलं होतं.

कृष्णाकाठ ताई इथे असतील तर त्यांनी लिहावं. त्या स्वतः ऑर्गन वाजवतात.

कृष्णाकाठ

काका, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. अठ्ठावीस अगदी बरोबर मोजलंत. पांढरी एक सा धरली तर रे मायनर, मग म मेजर, मग ध मायनर आणि पुन्हा घरी रे मायनर, प्रत्येक ठिकाणी सात (मायनर म्हणजे कोमल गंधाराचं, मेजर म्हणजे शुद्ध गंधाराचं). नुसत्या कानाने हे पकडणारा श्रोता मला अजून भेटला नव्हता.

मी मूळची कऱ्हाडची. गेली पंधरा वर्षं येनाजवळ राहते आणि महिन्यातून दोन रविवार एका खेड्यातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. ही पासाकाल्या माझ्या शिक्षकांनी मला वाजवू दिली नाही, आधी हाताने उतरवून काढायला लावली. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. छापील प्रत समोर ठेवली, कोरे पाचरेघी कागद दिले आणि म्हणाले, पेन्सिलीने लिही, पुढच्या आठवड्यात दाखव. मला मनातून राग आला होता. पण लिहिताना एक गोष्ट हाताला कळली. दर सात आवर्तनांनंतर दोन-चार घरांचा (घर म्हणजे तालाचा एक विभाग) एक छोटासा पूल आहे, त्यावरून तो पुढच्या सुरावर जातो. ऐकताना ते पूल माझ्या लक्षातच आले नव्हते. लिहिताना हात थबकतो, कारण लेहरा तिथे नसतो.

हे एवढं सांगण्याचं कारण असं की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या पायी प्रवासापेक्षाही उतरवून काढलेल्या वह्यांत आहे.

बाखची आई तो नऊ वर्षांचा असताना गेली आणि वर्षाच्या आत वडीलही. ओरड्रूफ गावात थोरला भाऊ योहान क्रिस्टोफ ऑर्गनवादक होता, त्याने धाकट्याला सांभाळलं. हा थोरला पाखेलबेल या ऑर्गनवादक-रचनाकाराचा शिष्य. पाखेलबेल एर्फुर्टला असताना बाख कुटुंबाशी त्याचा इतका घरोबा होता की बाखच्या एका बहिणीचा तो धर्मपिता झाला. भावाजवळ एक वही होती. तिच्यात फ्रोबर्गर, केर्ल, पाखेलबेल यांच्या रचना होत्या. ती जाळीच्या कपाटात असे आणि धाकट्याला मिळत नसे. मग त्याने लहान हात जाळीतून घालून ती गुंडाळून बाहेर काढायची आणि रात्री चंद्राच्या उजेडात उतरवायची, असं सहा महिने केलं, कारण दिवा त्याच्याकडे नव्हता. भावाला कळलं तेव्हा त्याने ती नक्कल काढून घेतली. बाखच्या मृत्यूनंतर मुलाने आणि शिष्याने मिळून जो मृत्युलेख लिहिला, १७५४ साली छापला गेला, त्यात ही हकीकत आहे.

आता त्या वहीतल्या नावांकडे बघा. फ्रोबर्गर व्हिएन्नाच्या दरबाराच्या पैशाने रोमला गेला आणि १६३७ पासून जवळपास चार वर्षं फ्रेस्कोबाल्दीकडे शिकला. फ्रेस्कोबाल्दी १६०८ पासून रोमच्या सेंट पीटर चर्चचा ऑर्गनवादक. म्हणजे थुरिंगिया या जर्मन प्रांतातल्या एका छोट्या गावातला अनाथ मुलगा चंद्रप्रकाशात जे लिहीत होता त्यात रोमचा हात होता, फक्त एक पिढी मधे. आणि हा मुलगा लुथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, तर फ्रेस्कोबाल्दी कॅथलिक. पुढे १७१४ साली बाखने फ्रेस्कोबाल्दीची ‘फियोरी मुझिकाली’ मिळवली आणि तिच्यावर आपलं नाव घातलं. ही १६३५ ची छापील वही, तीन मिस्सांसाठी (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) ऑर्गनवर काय वाजवायचं ते सगळं तिच्यात आहे. बाखची ती प्रत दुसऱ्या महायुद्धात गहाळ झाली. मला याचं फार वाईट वाटतं.

एक वही मात्र उशिराने सापडली. २००५ मध्ये वायमारच्या ग्रंथालयात दोन संशोधकांना काही जुने कागद मिळाले, हस्ताक्षर किशोरवयीन बाखचं. त्यात बुक्स्टेहूडचं एका ल्यूथरच्या स्तोत्रावरचं लांबलचक काम आहे आणि हॅम्बुर्गचा ऑर्गनवादक राइंकेन याचं एक. राइंकेनच्या शेवटी लॅटिनमध्ये लिहिलंय की हे गेओर्ग ब्योम यांच्याकडे, १७०० साली ल्यूनेबुर्गमध्ये उतरवलं. काका, ही लिपी तुम्हाला लगेच ओळखीची वाटेल. पाच रेघा नाहीत, स्वरांची अक्षरं आहेत आणि वर मात्रांच्या खुणा, आपण सा रे ग म लिहितो त्याच जातीची. बुक्स्टेहूडचे पान लिहिताना मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असेल. म्हणजे पायी निघायच्या सहा-सात वर्षं आधीच त्याने बुक्स्टेहूड अक्षर अक्षर करून लिहिला होता. ज्याला ऐकायला चालत गेला, तो हाताला आधीपासून माहीत होता.

आणि आता तुमच्या त्या संध्याकाळची गोष्ट. बुक्स्टेहूडची जी पासाकाल्या तुम्ही ऐकलीत ती आज आपल्याकडे आहे ती एका हस्तलिखित वहीमुळे. त्याच वहीत बाखची सा मायनरमधली, म्हणजे तुमची दुसरी, तीही आहे. वही मुख्यतः लिहिली कोणी? थोरल्या भावाने, त्याच योहान क्रिस्टोफने! ज्याने धाकट्याची नक्कल काढून घेतली त्यानेच पुढे धाकट्याची रचना बुक्स्टेहूडच्या रचनांबरोबर एका वहीत बसवून ठेवली. वही नंतर त्याच्या मुलाकडे, आंद्रेआसकडे आली म्हणून तिला आंद्रेआस बाखची वही म्हणतात. ती आज लाइपझिगमध्ये आहे. ल्यूबेकला ज्याने तो कार्यक्रम रचला त्याने हे मनात धरलं असो वा नसो, त्या दोन रचना तीनशे वर्षं शेजारीच राहात आल्या आहेत.

पूजेचं की मैफलीचं, या प्रश्नाला मी माझ्या रविवारांवरून उत्तर देते. आमच्या चर्चमध्ये भिंतीवर एक लाकडी फळी असते, तिच्यावर त्या दिवशीच्या स्तोत्रांचे आकडे लावतात. प्रत्येक स्तोत्राआधी मी त्या चालीवर थोडं वाजवते, म्हणजे लोकांना सूर आणि लय मिळते. वायमारच्या कागदातलं बुक्स्टेहूडचं काम या जातीचं, फक्त प्रचंड. पासाकाल्यासारखी रचना कोणत्याही स्तोत्राला बांधलेली नाही. ती प्रार्थनेच्या आधी किंवा लोक उठून जाताना वाजू शकते, किंवा नुसती ऐकायला. बुक्स्टेहूड ख्रिसमसच्या आधीच्या काही रविवारी चर्चमध्येच संध्याकाळचे कार्यक्रम करायचा आणि खर्चाला शहरातले व्यापारी हातभार लावायचे. त्या चर्चचे हिशेबही तोच लिहायचा! त्यांच्या दृष्टीने ही दोन खाती वेगळी नव्हतीच.

शिवाय एक अगदी साधी गोष्ट आहे, तुम्हाला ती चटकन पटेल. भाता. तुमच्या पेटीचा भाता तुमच्याच हातात. त्या ऑर्गनचे भाते ओढायला वेगळी माणसं लागत. रोजच्या रियाजाला त्यांना कोण बोलावणार? आणि जानेवारीत चर्चमध्ये बसवत नाही, मी आजही बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालून सराव करते. म्हणून सराव घरी, क्लॅव्हिकॉर्ड या तारांच्या छोट्या, हलक्या आवाजाच्या कीबोर्डवर. चर्चसाठी लिहिलेलं घरी वाजायचं, घरचं चर्चमध्ये जायचं. हात तेच.

मिरजेचा पेटीवाला

ताई, काय लिहिलंय तुम्ही! मुलाला फोनवर वाचून दाखवलं. दोन्ही एकाच वहीत, आणि तीही त्या भावाच्या हातची, हे ऐकून तोही गप्प झाला. आमच्या गुरुजींनी मला पदांची वही अशीच उतरवून घ्यायला लावली होती, झेरॉक्स काढू दिली नव्हती. अजून जपून ठेवली आहे.

एक विचारतो. बाखने तो लेहरा स्वतः बांधला की बुक्स्टेहूडचाच वाढवला?

मडगांवकर

चर्चा वाचतोय. कॅथलिक बाजूचं थोडं घालतो.

फ्रेस्कोबाल्दीनंतर पाऊणशे वर्षांनी त्याच सेंट पीटरमध्ये दोमेनिको स्कार्लात्ती होता, १७१४ ते १७१९, तिथल्या गायकवृंदाचा प्रमुख म्हणून. आज आपण त्याला साडेपाचशेवर सोनाटांसाठी (वाद्यासाठीच्या छोट्या रचनांसाठी) ओळखतो, बहुतेक सगळ्या एकट्या कीबोर्डच्या. पण त्याने दहा आवाजांचं ‘स्ताबात मातेर’, म्हणजे क्रूसाखाली उभ्या मारियेवरचं लॅटिन स्तोत्र, लिहिलंय, एकदा रात्री दिवे मालवून ऐका. तिथून तो लिस्बनला गेला, राजा जुआंव पाचवा याच्या पदरी, आणि राजकन्येचा गुरू झाला. १७३८ मध्ये छापलेल्या तीस सोनाटा त्याने या राजालाच अर्पण केल्या. त्या काळी गोव्यावर राज्य याच राजाचं. आमच्याकडे चाळीस दिवसांच्या उपवासाच्या काळात लॅटिन मोतेत (अनेक आवाजांची धार्मिक गीतं) गातात, क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मिरवणुकीत. मी लहानपणी वडिलांच्या शेजारी उभा राहून खालचा आवाज गायचो. म्हणून दहा आवाजांतली ती आई क्रूसाखाली उभी असलेली ऐकतो तेव्हा मला परकं काही वाटत नाही.

बुक्स्टेहूडचंही या विषयावरचं काम ऐकाच, ‘मेम्ब्रा येसू नोस्त्री’, १६८०. क्रूसावरच्या येशूचे पाय, गुडघे, हात, कूस, छाती, हृदय आणि शेवटी चेहरा, अशा सात कँटाटा, म्हणजे वाद्यांसह गायच्या रचना. शब्द लॅटिन. लुथरपंथी माणसाने मध्ययुगातली कॅथलिक प्रार्थना घेतली. ती त्याने स्टॉकहोमच्या आपल्या मित्राला, ड्यूबेनला, अर्पण केली आणि ड्यूबेनच्या संग्रहामुळेच त्याची बरीच गायनरचना वाचली. म्हणजे इथेही एका मित्राचं कपाट.

कृष्णाकाठ

मडगांवकर, ‘मेम्ब्रा’ची आठवण काढलीत, धन्यवाद. सातांपैकी सहाव्यात, हृदयाच्या भागात, व्हायोलिनं थांबतात आणि पाच व्हियोला द गांबा, म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची जुनी तंतुवाद्यं, येतात. त्यांचा आवाज मंद आणि अंगाजवळचा. मी तो भाग पहिल्यांदा ऐकला तेव्हा गाडी चालवत होते, बाजूला थांबवावी लागली.

काका, तुमच्या प्रश्नाला. लेहऱ्याचा पहिला अर्धा भाग बाखचा नाही आणि बुक्स्टेहूडचाही नाही! तो पॅरिसच्या आंद्रे रेझाँचा. त्याने १६८८ मध्ये ऑर्गनसाठी मिस्सांची वही छापली. त्यातल्या एका मिस्सात ‘ख्रिस्ते’ या दयायाचनेच्या जागी एक छोटी पासाकाल्या आहे, चार घरांच्या खर्जावरची. बाखने ती सुरावट घेतली, पुढे आपली चार घरं जोडली आणि वीस वेळा फिरवली. मग तिच्यावर फ्यूग बांधला, म्हणजे तीच सुरावट एकामागून एक आवाज उचलतात अशी रचना. बुक्स्टेहूडकडून त्याला मिळालं ते हे की खर्जाची एवढीशी सुरावट एवढी मोठी इमारत पेलू शकते. फ्रेंच कॅथलिक मिस्सातली दयायाचना, उत्तर जर्मनीतल्या ऑर्गनची बांधणी, आणि लिहिणारा विशीतला थुरिंगियाचा मुलगा.

उलट दिशेचंही एक उदाहरण देते, कारण ते मला सर्वांत प्रिय आहे. फ्रेस्कोबाल्दीच्या त्या मिस्सांच्या वहीत शेवटच्या मिस्सानंतर एकदम एक लोकधून येते, बेर्गामास्का. वर त्याने लिहिलंय, जो ही बेर्गामास्का वाजवेल तो काही थोडं शिकणार नाही. चर्चच्या वहीत नाचाची धून, आणि तिच्यावर त्याने सगळी विद्या ओतली आहे. पुढे बुक्स्टेहूडने त्याच धुनेवर बत्तीस विस्तार लिहिले, प मेजरमध्ये. आणि १७४१ मध्ये छापलेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये बाख तीस विस्तार लिहितो, आधी आणि शेवटी मूळ आरिया (ज्या चालीवर विस्तार आहेत ती), एकूण बत्तीस, प मेजरच. तिसाव्या विस्तारात कोबी आणि बीटचं एक गाणं येतं: कोबी-बीट खाऊन कंटाळलो म्हणून निघून गेलो, आईने मटण शिजवलं असतं तर राहिलो असतो. चाल? बेर्गामास्का. बाखच्या पहिल्या चरित्रकाराने लिहिलंय की या कुटुंबातली माणसं वर्षातून एकदा जमली की आधी एक स्तोत्र म्हणत आणि मग लगेच असली गाणी एकमेकांत मिसळून गात बसत. तिसावा विस्तार वाजतो तेव्हा मला त्या घरातलं जेवण आटोपलेलं दिसतं.

हॅम्बुर्गला पुन्हा गेलात तर सेंट जेकबच्या चर्चमधला आर्प श्निटगरचा ऑर्गन ऐका, १६९३ चा. ल्यूबेकला तुम्ही ऐकलात तो नवा आहे, बुक्स्टेहूडचे ऑर्गन त्या १९४२ च्या रात्रीच गेले. त्याच्या काळातला आवाज हवा असेल तर ल्यूबेकमध्येच सेंट जेकबचं चर्च आहे, तिथला छोटा ऑर्गन त्याच्याही आधीचा.

मिरजेचा पेटीवाला

मुलाने बाखची पासाकाल्या पाठवली, चार दिवस तीच ऐकतोय. पांढरी एक सा धरून पेटीवर लेहरा काढला, बघा बरोबर आहे का. ग आणि ध कोमल.

सा | प – ग | म – प | ध – म | प – रे | ग – नि | सा – म | प – – | सा –

तीन-तीनच्या आठ विभागांत, चोवीस मात्रा. पहिला सा समेच्या आधीच्या मात्रेवर येतो, प समेवर. आमच्या तबलजींना काल ऐकवला. ते म्हणाले, धर तू, मी बघतो. पाऊण तास वाजवलं.

कृष्णाकाठ

सगळे पंधरा स्वर बरोबर, काका. फक्त सप्तकं लावा: नि मंद्र, शेवटचे म आणि प मंद्र, आणि अगदी शेवटचा सा सुद्धा मंद्र. सुरुवातीच्या सा वर परत येऊ नका, त्याच्याही खाली पूर्ण सप्तकभर उतरा. पेडलवर ती सर्वांत डावीकडची पट्टी आहे, तिच्यापलीकडे लाकडाची चौकटच. तिथवर डावा पाय नेताना मला बाकावर सरकून बसावं लागतं.

तबलजींनी कोणता ताल धरला तेही लिहा.